जुन्या रोड सायकलचा टायर पुन्हा पुन्हा फ्रेमला घासतो? नवा टायर घेण्याआधी हे पाहा

तक्रार साधारण अशी असते. ऐंशी-नव्वदच्या दशकातली स्टीलची रोड सायकल. काकांची, मामाची, नाहीतर कुणीतरी जर्मनीहून परतताना आणलेली. माळ्यावरून खाली काढली, धुतली-पुसली, नवे टायर घातले. सुरुवातीचे दिवस मजेत जातात. मग पुण्यात पौड रोडवरून चांदणी चौकाकडे चढताना मागून सर्र-सर्र आवाज यायला लागतो. उतरून चाक हातानं फिरवून पाहावं तर कुठंच घासत नाही. दुकानात नेली की "टायर जाड आहे, बारीक घाला" असं सांगतात. बारीक टायर घालून महिनाभर बरं चालतं आणि पुन्हा तोच आवाज.

जुन्या रोड फ्रेममध्ये टायरला जागा कमी असते हे खरं. पण केवळ जागा कमी म्हणून घासायचं असतं, तर पहिल्या दिवसापासून आणि सपाटीवरही घासलं असतं. मधूनमधून घासतं, चढावरच घासतं, काही दिवसांनी पुन्हा सुरू होतं, याचा अर्थ काहीतरी जागचं हलतंय. बारीक टायरनं ते हलणं थांबत नाही, फक्त आवाज यायला थोडा जास्त वेळ लागतो. म्हणून टायरवर पैसे घालण्याआधी एका सकाळी सायकल नीट तपासा. लागणारी हत्यारं घरात असतात, नसली तर शेजाऱ्यांकडे असतात.

नेमकं कुठं घासतंय?

मागच्या चाकाला घासायला चार जागा आहेत. बॉटम ब्रॅकेटच्या (पॅडलचा एक्सल बसतो तो भाग) मागे दोन्ही चेनस्टेंची, म्हणजे तिथून मागच्या चाकाच्या मध्याकडं जाणाऱ्या दोन नळ्यांची, आतली बाजू, त्या दोन चेनस्टेंना जोडणारा छोटा आडवा ब्रिज, वर सीटस्टेमधला (सीटखालून चाकाच्या मध्याकडं उतरणाऱ्या दोन नळ्यांमधला) ब्रेकचा ब्रिज किंवा त्याखाली लोंबणारी ब्रेक कॅलिपरची कमान, आणि चाक फार पुढं बसलं असेल तर सीट ट्यूब, म्हणजे सीटखालची उभी नळी. सीट ट्यूबवर फ्रंट डिरेलरची (पुढच्या गिअरवर चेन ढकलणाऱ्या भागाची) पट्टी असेल तर तिचा बोल्ट किंवा केबलचं सुटलेलं टोकही लागतं, आणि हे सगळ्यात शेवटी लक्षात येतं. पुढच्या चाकाला मुख्यतः चिमट्याच्या (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या) माथ्याची खालची बाजू आणि पुढच्या ब्रेकची कमान. रिफ्लेक्टरची वाकलेली क्लिप हा फुटकळ प्रकार, पण तोही बघून घ्या.

आता सायकल उजेडात घ्या आणि टॉर्च लावून चेनस्टेंच्या आत पाहा. घासल्याची खूण लपत नाही. नखाएवढा चकचकीत ठिपका असतो. मध्ये उघडं स्टील, भोवती प्रायमरची राखाडी कड, त्याबाहेर मूळ रंग. नुसत्या रबरानं रंग इतक्या लवकर जात नाही. टायरला चिकटलेली धूळ आणि पाणी मिळून बारीक पॉलिश पेपरचं काम करतात. ठिपका फक्त डाव्या चेनस्टेवर आहे, फक्त उजव्या, की दोन्हींवर, हे कागदावर लिहून ठेवा. पुढचं सगळं निदान त्यावर उभं आहे.

मग टायरकडे पाहा. टायरच्या कडेला पूर्ण गोल फिरलेली घासल्याची रेघ असेल तर चाक तिरकं बसतंय किंवा खरोखरच जागा नाही. रेघ फक्त वीतभर असेल आणि बाकीचा टायर स्वच्छ असेल, तर चाकाला आउट आहे (फिरताना रिम डावी-उजवी डुलते), किंवा टायर त्या जागी फुगलाय, किंवा रिमवर नीट बसलेला नाही. यातली शेवटची गोष्ट तपासायला अगदी सोपी. टायरच्या भिंतीवर रिमच्या जरा वर एक बारीक उठावाची रेघ असते. चाक सावकाश फिरवा. ही रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसायला हवी. एका जागी ती रिममध्ये बुडालेली दिसली तर हवा सोडा, कडेला साबणाचं पाणी लावा आणि पुन्हा भरा. "टायरच वाकडा आला" या तक्रारी बऱ्याचदा इथंच संपतात.

खूण जुनी की नवी हे कळत नसेल तर दोन्ही चेनस्टेंच्या आत पांढऱ्या कागदी टेपचा तुकडा लावा आणि एक चांगला चढ चढून या. उभं राहून, जोर लावून. टेपवरचा काळा डाग कुठल्या बाजूला आणि किती उंचीवर पडलाय ते पाहिलं की अंदाज बांधायची गरज उरत नाही.

डाव्या चेनस्टेवर ठिपका असेल तर

जुन्या स्टीलच्या फ्रेममध्ये हा प्रकार मला सगळ्यात जास्त दिसतो, म्हणून इथं जरा थांबतो.

त्या काळच्या बहुतेक रोड फ्रेममध्ये मागच्या चाकाची खाच आडवी असते, पुढच्या दिशेला उघडणारी. आजच्यासारखी खालून वर जाणारी उभी खाच नसते. आडव्या खाचेत चाक पुढे-मागे सरकवता येतं ही सोय आहे आणि तीच अडचणही आहे. पॅडल मारताना चेन उजव्या बाजूनं गिअरला पुढं ओढते. त्या ओढीनं एक्सलचं उजवं टोक खाचेत केसभर पुढं सरकलं की चाक तिरकं होतं आणि त्याचा पुढचा भाग डावीकडं जातो. टायर टेकतो डाव्या चेनस्टेला. जितका हलका गिअर आणि जितका जोर जास्त, तितकी ओढ जास्त. म्हणून हे सिंहगडाच्या चढावर होतं आणि कर्वे रोडवर होत नाही.

म्हणजे प्रश्न असा उरतो की क्विक रिलीज (चाकाच्या मधल्या हबमधून आरपार जाणारा, खटक्यानं चाक फ्रेमला आवळणारा दांडा) एक्सलला जागेवर का धरत नाही. कारणं बरीच आहेत.

पहिलं क्विक रिलीजच. ते दोन प्रकारचं असतं. एकात खटक्याचा कॅम धातूच्या डबीच्या आत असतो. जुनी कॅम्पाग्नोलो आणि शिमानोची अशीच. दुसऱ्यात कॅम उघडा असतो आणि खटक्याखाली प्लास्टिकची वाटी असते. दुसरा प्रकार हलका, देखणा आणि उभ्या खाचांसाठी चालून जाणारा, पण त्याची पकड पहिल्याच्या तुलनेत कमी. आडव्या खाचेत तो घालू नका. आतल्या कॅमचं, स्टीलच्या दातेरी तोंडाचं साधं क्विक रिलीज घाला. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात फेरी मारली तर एखाद्या मोडक्या हबबरोबर असं जुनं क्विक रिलीज हाती लागू शकतं. घेताना त्याच्या दांड्याचे आटे शाबूत आहेत का ते पाहा.

खटका बंद करायची रीत ठरलेली आहे. तो एक्सलच्या रेषेत सरळ बाहेर आलेला असताना हाताला विरोध जाणवायला सुरुवात व्हायला हवी आणि पूर्ण मिटवल्यावर तळव्यावर त्याचा ठसा उमटायला हवा. एका बोटानं मिटला तर तो बंद झालेला नाही.

दुसरं कारण रंग. हल्ली जुनी फ्रेम मिळाली की लोक लगेच पावडर कोटिंग करून आणतात. दिसते सुंदर. पण तो थर ड्रॉपआउटच्या (फ्रेमच्या ज्या टोकात एक्सलची खाच असते त्याच्या) आतबाहेरच्या चपट्या भागांवरही बसतो आणि क्विक रिलीजच्या दाबाखाली हळूहळू चेपत जातो. आज घट्ट बसवलेलं चाक आठवड्यानं सैल होतं ते यामुळं. रंगवून आणल्यावर ड्रॉपआउटचे हे चपटे भाग धातूपर्यंत खरवडून घ्या. क्रोम केलेल्या ड्रॉपआउटची अडचण निराळी. क्रोम कठीण आणि गुळगुळीत असतं, त्यात दाते रुतत नाहीत. तिथं दातेरी तोंडं चांगली धारदारच हवीत.

तिसरं कारण हबच्या लॉकनटचं. ड्रॉपआउटला आतून टेकणाऱ्या त्याच्या तोंडावरही दाते असतात. तीस-चाळीस वर्षांत ते झिजून सपाट झालेले असतील तर बाहेरून कितीही आवळलं तरी अर्धी पकड गेलेलीच असते. लॉकनट बदलायला खर्च फारसा येत नाही.

चौथं कारण फार कमी जण पाहतात. चाक बसवलेलं असताना क्विक रिलीज काढून घ्या आणि एक्सलचं टोक ड्रॉपआउटच्या बाहेरच्या पृष्ठभागाच्या आतच आहे ना, ते बघा. स्वस्त जुन्या फ्रेममध्ये ड्रॉपआउट पत्रा कापून केलेले, पातळ असतात. त्यात जाड ड्रॉपआउटसाठी बनवलेला हब घातला की एक्सल बाहेर डोकावतो. मग क्विक रिलीज ड्रॉपआउटला दाबतच नाही, एक्सलच्या टोकाला दाबतं. हाताला घट्ट लागतं, चाक मात्र मोकळंच. टोक कानशीनं तेवढंच घासून कमी केलं की काम झालं.

आणि चाक बसवायची पद्धत. सायकल उलटी करून, सीट आणि हँडलवर उभी करून चाक बसवायची आपल्याकडं सवय आहे. तसं बसवलेलं चाक हमखास तिरकं बसतं. सायकल सरळ उभी करा, वजन चाकांवर येऊ द्या, टायर दोन्ही चेनस्टेंच्या बरोबर मध्ये आणा आणि मग खटका मिटवा. बऱ्याच जुन्या ड्रॉपआउटमध्ये मागून दोन बारीक स्क्रू आलेले असतात. ते शोभेला नाहीत. दोन्ही बाजूंना एक्सल त्यांच्यावर टेकवून बसवला की चाक दर वेळी त्याच जागी बसतं. स्क्रू गंजून तुटलेले असतील तर आत अडकलेले तुकडे काढून नवे बसवून घ्या. माझ्या मते जुन्या फ्रेमवर खर्च करावा अशी ही पहिली गोष्ट.

ठिपका उजवीकडं, किंवा बाजू बदलत असेल तर

इथं चाक आणि फ्रेम यांपैकी चूक कुणाची हे आधी ठरवावं लागतं. चेन बाजूला करून चाक उलटं घाला, म्हणजे गिअर डावीकडं येतील असं. दोन्ही टोकं खाचेत सारखी बसवा. आधी उजवीकडं जवळ असलेला टायर आता डावीकडं जवळ आला तर चाकाची डिश चुकलेली आहे, म्हणजे रिम हबच्या मध्यावर नाही. तरीही उजवीकडंच जवळ राहिला तर फ्रेम वाकडी आहे. पुढच्या चाकालाही हीच परीक्षा चालते, उलट जास्त सोपी पडते.

फ्रेमवर संशय आला तर दोरा घ्या. एका मागच्या ड्रॉपआउटला बांधा, पुढं हेड ट्यूबला (हँडलखालच्या आखूड नळीला) वळसा देऊन परत दुसऱ्या ड्रॉपआउटला आणून ताणून बांधा. आता दोऱ्यापासून सीट ट्यूबचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. एखाद मिलिमीटरचा फरक जुन्या फ्रेममध्ये असतोच, त्याचं काही वाटून घेऊ नका. तीन-चार मिलिमीटर निघाला तर मागचा भाग एका बाजूला झुकलाय. स्टील असेल तर जाणकाराच्या हातून सरळ होतो. अ‍ॅल्युमिनियम आणि कार्बनच्या बाबतीत हा विषयच काढू नका.

मागच्या भागाच्या रुंदीचंही एक त्रांगडं आहे. सहा-सात गिअरच्या काळातल्या रोड फ्रेममध्ये ड्रॉपआउटमधलं अंतर १२६ मिलिमीटर असायचं, नंतर आठ गिअरपासून ते १३० झालं. १३०चा हब १२६च्या स्टीलच्या फ्रेममध्ये हातानं फाकवून बसतो आणि पुष्कळ लोक तसाच वापरतात. पण मग दोन ड्रॉपआउट एकमेकांना समांतर राहत नाहीत, क्विक रिलीजची तोंडं पूर्ण टेकत नाहीत आणि चाक पुन्हा घसरायला मोकळं. फ्रेम नीट रुंद करून ड्रॉपआउट समांतर करून घेतले तरच या बदलाला अर्थ आहे.

चाकाला आउट असेल तर तो काढून घ्या, त्यावर जास्त लिहीत नाही. पेठांमधले जुने कारागीर ब्रेकच्या रबराशी नख धरून जो आउट काढतात तो अनेक नव्या दुकानांतल्या स्टँडवर निघत नाही. एवढंच बघा की आउट काढल्यावर तारांचा ताण सारखा आहे. शेजारच्या दोन-दोन तारा मुठीत दाबत पूर्ण चाक फिरा, सैल जोडी हाताला लगेच कळते. ताराच सैल असतील तर काढलेला आउट पहिल्या मोठ्या खड्ड्यात परत येतो, आणि पुण्यात तो खड्डा फार लांब नसतो.

मागच्या हबचा मात्र एक किस्सा सांगण्यासारखा आहे. पेठेतल्या एका दुकानात मी माझ्या कामासाठी उभा होतो, तेव्हा कॉलेजातला एक मुलगा घासणाऱ्या चाकाची हीच तक्रार घेऊन आला.

"काका, जरा आउट काढून द्या ना, सारखं घासतंय."

काकांनी रिम धरून चाक आडवं हलवलं, कानोसा घेतला आणि म्हणाले, "आउट नाहीये रे यात. थांब जरा."

त्यांनी क्विक रिलीजचा दांडा ओढून बाहेर काढला. त्याच्या मागोमाग अर्धा एक्सल त्यांच्या तळहातावर आला. दुसरा अर्धा हबमध्येच.

"हे बघ. किती दिवस असा फिरतोयस?"

मुलाला अर्थातच माहीत नव्हतं, कारण बाहेरून काहीच दिसत नाही. जुन्या फ्रीव्हीलच्या, म्हणजे गिअरचा गठ्ठा आट्यांवर चढवलेल्या, हबमध्ये उजव्या बाजूचं बेअरिंग ड्रॉपआउटपासून बरंच आत असतं, त्यामुळं एक्सल तिथं वाकतो आणि पुढं तुटतो. तुटला तरी क्विक रिलीजचा दांडा दोन्ही तुकडे एकत्र धरून ठेवतो. सायकल चालत राहते, फक्त जोर दिला की चाक आतल्या आत हलतं. म्हणून क्विक रिलीज मिटवलेलं असताना रिम चेनस्टेजवळ धरून दोन्ही बाजूंना हलवून पाहा. टक्-टक् जाणवलं तर कोन (बेअरिंग आवळणारे नट) सैल आहेत, छर्रे झिजलेत किंवा एक्सल गेलाय. यातल्या कुठल्याच गोष्टीवर बारीक टायर हा उपाय नाही.

आता टायरचा आकडा

वरचं सगळं ठीक निघालं आणि तरी घासतंय, तर खरोखरच जागेचा प्रश्न आहे. इथं पहिली गोष्ट, टायरवर छापलेला आकडा म्हणजे टायरची खरी रुंदी नव्हे. २५-६२२ असं लिहिलेलं असतं त्यातला २५ हा टायरचा नाममात्र रुंदीचा आकडा आणि ६२२ हा रिमच्या ज्या गोलावर टायरची कड बसते त्याचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. तोच टायर वेगवेगळ्या रिमवर वेगवेगळा रुंद भरतो. ढोबळमानानं रिमची आतली रुंदी एक मिलिमीटरनं वाढली की टायर साधारण ०.४ मिलिमीटरनं फुगतो. जुन्या रिम आतून १३ ते १५ मिलिमीटर असायच्या, आताच्या १९ किंवा २१ सर्रास असतात. म्हणजे जुन्या चाकावर निर्धास्त फिरणारा २५चा टायर नव्या चाकावर २७ भरू शकतो. "चाकं नवी घेतली, टायर तेच आहेत, तरी घासायला लागलं" याचं उत्तर हे. शिवाय नवा टायर हवा भरल्यावर पहिल्या काही दिवसांत थोडा ताणतो. बसवल्या दिवशी जेमतेम सुटणारा टायर पुढच्या रविवारी टेकला तर नवल नाही.

त्यामुळं आकडा वाचू नका, मोजा. टायर तुमच्याच रिमवर, तुमच्या नेहमीच्या हवेवर, दोन-तीन दिवस राहू द्या आणि व्हर्नियरनं मोजा. व्हर्नियर नसेल तर अ‍ॅलन की आहेतच. चार मिलिमीटरची अ‍ॅलन की टायर आणि फ्रेममधून सगळीकडं न अडकता फिरली तर कोरड्या दिवसांत मी ती सायकल चालवतो. तीनचीच जात असेल तर चाक थोडंही हललं की घासणार. दोनची असेल तर तो टायर त्या फ्रेमचा नव्हे.

रुंदीपेक्षा उंचीकडं लोकांचं लक्ष कमी असतं. २५चा टायर काढून २८चा घातला की प्रत्येक बाजूला दीड मिलिमीटर जागा जाते, पण टायरची उंचीही साधारण रुंदीइतकीच वाढते, म्हणजे वरच्या बाजूला तीन मिलिमीटर. बऱ्याच फ्रेममध्ये २८चा टायर चेनस्टेमधून सहज जातो आणि ब्रेकच्या कमानीला अडतो, ते यामुळं.

एक इशारा पेठेतल्या खरेदीसाठी. काउंटरवर नुसतं "अठ्ठावीसचा टायर द्या" म्हटलंत तर काळ्या दुधवाल्या सायकलचा २८ × १ १/२ चा टायर पुढ्यात येईल. त्याचा व्यास ६३५, तो तुमच्या रिमवर कधीच बसणार नाही. ६२२ हा आकडा बोला, नाहीतर जुना टायर हातात घेऊनच जा.

जुनी म्हणजे अरुंदच असं नाही

सत्तरच्या दशकातल्या अनेक परदेशी रोड सायकली २७ इंची चाकांच्या, २७ × १ १/४ टायरच्या होत्या आणि त्यांत मडगार्डलाही जागा असायची. ऐंशीच्या दशकापासून रेसिंगच्या फ्रेम आखूड आणि घट्ट होत गेल्या. त्या २० ते २३ मिलिमीटरच्या टायरसाठी बांधलेल्या असत. तुमची कुठल्या जातीची हे ओळखायला ड्रॉपआउटवर मडगार्डच्या दांडीचा स्क्रू लावायचं भोक आहे का बघा, आणि ब्रेकची लांबी मोजा. ब्रेकच्या बोल्टच्या मध्यापासून ब्रेक रबराच्या मध्यापर्यंतचं अंतर ३९ ते ४९ मिलिमीटरमध्ये येत असेल तर ब्रेक आखूड हाताचा, फ्रेम रेसिंगची. अशा फ्रेमला २५ ही बहुधा शेवटची मर्यादा, काहींना २३च. ४७ ते ५७ येत असेल तर तुम्ही नशीबवान, मडगार्ड नसेल तर ३०च्या आसपासचा टायर खुशाल बसेल.

२७ इंची सायकल असेल तर आणखी एक चांगला मार्ग आहे. २७ इंची रिमचा व्यास ६३०, तर ७००सीचा, म्हणजे आजच्या रोड सायकलच्या मापाचा, ६२२. टायर एकमेकांना चालत नाहीत, पण पूर्ण चाकच ७००सीचं घातलं तर त्रिज्या चार मिलिमीटरनं कमी होते. वर ब्रिजखाली तेवढी जागा मिळतेच, शिवाय टायरचा पुढचा भाग चार मिलिमीटर मागं जातो, जिथं चेनस्टे एकमेकांपासून जरा लांब असतात. अट इतकीच की ब्रेकचे रबर चार मिलिमीटर खाली यायला हवेत. खाचेत रबर सर्वांत खाली ओढून पाहा. येत नसतील तर लांब हाताचे ब्रेक घ्यावे लागतील. २७ इंची टायर शोधण्याची कटकटही जाते. त्याच टायरच्या मापात राहिलात तर सायकल चार मिलिमीटरनं खाली बसते, तेव्हा वळताना आतलं पॅडल वर ठेवा.

६५०बी चाकांचा, म्हणजे ५८४ व्यासाचा उपाय इंटरनेटवर फार सांगितला जातो. त्याला ब्रेकचे हात ७००सीच्या मानानं १९ मिलिमीटर जास्त लांब लागतात. आखूड ब्रेकच्या रेसिंग फ्रेमवर मला तो पटत नाही. खर्च सायकलच्या किमतीवर जातो आणि ब्रेक लिबलिबीत होतात.

आपल्याकडच्या जुन्या स्पोर्ट्स सायकली, २६ × १ ३/८ म्हणजे ५९० व्यासाच्या, यांत जागेची ददात सहसा नसते. तिथं घासत असेल तर सैल कोन किंवा मागचे नट तपासा. माउंटन बाइकचा २६चा टायर ५५९ व्यासाचा असतो, तो यावर बसत नाही.

पावसाळ्याचं गणित वेगळं

जानेवारीत पुरणारी जागा जुलैमध्ये पुरत नाही. सासवडकडच्या काळ्या मातीचे रस्ते किंवा मुळशीकडची लाल चिखलाची साइडपट्टी, दोन्हीकडं चिखल ब्रिजखाली आणि चिमट्याच्या माथ्याखाली थापला जातो आणि थोड्या वेळात चाक फिरायचं थांबतं. पावसात चिखलाच्या रस्त्यावर जायचं असेल तर निदान सहा मिलिमीटर मोकळे ठेवा. उन्हाळ्यात डांबर पाझरतं आणि बारीक खडी टायरला चिकटते, तेव्हाही हेच. मागचं चाक अडलं तर सायकल घसरते. पुढच्या चाकात चिमट्याखाली खडी अडकली तर माणूस हँडलवरून पुढं जातो. म्हणून पुढची जागा मी मागच्यापेक्षा जास्त काटेकोरपणे बघतो, आणि गरज असेल तर पुढं २३ आणि मागं २५ असंही चालवतो. रेसिंग फ्रेमवर पूर्ण मडगार्डचा हट्ट सोडा, सीटपोस्टला अडकणारं घ्या.

दुकानात काय करू द्यायचं नाही

जागा करण्यासाठी ब्रेकचा ब्रिज किंवा चिमट्याचा माथा ग्राइंडरनं घासून देतो असं कुणी म्हणालं तर सायकल घेऊन घरी या. ब्रेकच्या कमानीला कानस मारणंही मला मान्य नाही. स्टीलच्या चेनस्टेला आतून थोडा दाब देऊन जागा करता येते, कारखान्यातून तशा दाबलेल्या फ्रेम यायच्या. पण ते ठोक्याचं नाही, नीट आकाराचा ठोकळा ठेवून शिकंज्यात करायचं काम आहे, तेही पातळ नळीच्या महागड्या फ्रेमवर करू नये. हातोडीनं तर मुळीच नाही.

घासणं थांबलं की तो जुना ठिपका तसाच ठेवू नका. बारीक पॉलिश पेपरनं गंज काढा, थिनरनं पुसा, प्रायमर आणि वर रंग लावा. रंग जुळत नसेल तर नेलपॉलिशही चालतं. रंगवण्याआधी ठिपक्याच्या कडेवरून नख फिरवा. नख अडकावं इतका खळगा धातूत झाला असेल तर नळीची भिंत तिथं पातळ झाली आहे, तेव्हा आधी ब्रेझिंग करणाऱ्या (पितळेनं नळ्या जोडणाऱ्या) माणसाला दाखवा आणि मगच चढावर न्या.